उरलेला माल कोणाचा?

आडत्याला मधून काढलं की शेतकऱ्याचं भलं होईल, असं मी अनेक वर्षं ठामपणे म्हणत आले. कॉलेजच्या स्पर्धांत म्हटलं, गुंतवणूकदारांसमोर म्हटलं, घरी जेवताना आप्पांशी वाद घालून म्हटलं. आता माझं मत तसं राहिलेलं नाही. त्याच मतावर मी आणि माझ्या एका मित्राने ऐन पंचविशीत कंपनी काढली, दोन वर्षांत ती बंद केली, आणि त्यानंतर मला जे दिसलं ते लिहून ठेवावंसं वाटतं. कारण तीच कल्पना घेऊन पुण्या-नाशकातली हुशार मुलं आजही कामाला लागतात. त्यांना पाठीवर थाप देणारे पुष्कळ भेटतात. माल पिकवणाऱ्याच्या बाजूने चार प्रश्न विचारणारं सहसा कुणी भेटत नाही.

मी जुन्नर तालुक्यातली. आमच्याकडे उन्हाळी टोमॅटो असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये लागण, मग तार-बांबू, मग दोन-अडीच महिन्यांनी पहिला तोडा आणि माल नारायणगावच्या बाजारात. आमच्या घरात आडत्याबद्दल कुणी बरं बोललेलं मी लहानपणी ऐकलं नाही. पट्टी घरी आली की आप्पा चष्मा लावून ती दिव्याखाली धरायचे. वर मालाचे नग आणि दर, खाली हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं, सीझनच्या आधी घेतलेली उचल, आणि सगळं वजा जाऊन उरलेला आकडा. त्या आकड्यावर घरात शांतता पसरायची. आई विचारायची, "किती आले?" आप्पा पट्टी घडी करून खिशात घालायचे. मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं की या कागदावरच्या सगळ्या मधल्या ओळी म्हणजे आमच्या घरातून उचललेले पैसे आहेत.

आजोबांचं म्हणणं मात्र वेगळं होतं. ते १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनात शरद जोशींबरोबर होते आणि शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला त्यांनी शेवटपर्यंत जपला. ते म्हणायचे, "व्यापारी दोन पैसे मारत असेल, पण भाव पाडतो तो निर्यातबंदी करणारा." मला ते जुन्या माणसाचं बोलणं वाटायचं. माझ्या डोळ्यांसमोर गाळ्यावर बसलेला शेठ होता, दिल्लीतला हुकूम नव्हता.

२०१६ साल माझ्या पिढीसाठी मोठं होतं. जानेवारीत केंद्राने स्टार्टअप इंडियाची घोषणा केली. जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. म्हणजे १९६३ च्या बाजार समिती कायद्याने उभी केलेली भिंत पडली, आता शेतकऱ्याचा माल थेट कुणालाही विकत घेता येईल. मी तेव्हा पुण्यात इंजिनीअरिंगला होते. आम्हा मुलांच्या खोलीत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत याच गप्पा. शेतकऱ्याला किलोला आठ रुपये मिळतात आणि कोथरूडला तोच टोमॅटो तीसला विकला जातो, मधले बावीस कोण खातो? हे वाक्य इतकं सोपं आणि इतकं चीड आणणारं होतं की त्यापुढे जाऊन हिशेब करायची गरज आम्हाला वाटली नाही.

मग आला २०२० चा लॉकडाउन. एप्रिल-मेमध्ये गुलटेकडीचं मार्केट यार्ड बंद, हातगाड्या बंद, आणि सोसायट्यांच्या फाटकाबाहेर माणूस पडायला तयार नाही. इकडे आमच्या शिवारात माल झाडाला लाल होऊन गळत होता. आम्ही पास काढले, एक टेम्पो ठरवला, आणि व्हॉट्सॲपवर सोसायट्यांच्या याद्या घेऊन नारायणगावहून भाजी पोचवायला लागलो. गाडी फाटकाशी लागली की लोक वरून खिडकीतून हात करायचे. एका आजींना कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरून डोळे पुसताना मी पाहिलं आहे. शेतकऱ्यांना बाजारापेक्षा जास्त पैसे मिळत होते, शहरातल्या लोकांना ताजी भाजी मिळत होती, आणि मधे आडत्या नव्हता. मला वाटलं, सिद्ध झालं. आम्ही कंपनी नोंदवली, मामांकडून आणि मित्राच्या वडिलांकडून पैसे घेतले, ॲप करून घेतलं, हडपसरजवळ एक शेड भाड्याने घेतली.

मार्केट यार्ड उघडलं, हातगाड्या परत आल्या, आणि ऑर्डरी आठवड्यागणिक उतरत गेल्या. लोक आमच्यावर नाराज नव्हते. कोपऱ्यावरचा भाजीवाला परत आला होता, इतकंच. तो दहा रुपयांची मिरचीही देतो, कढीपत्ता वरून टाकतो, उधारी ठेवतो आणि भेंडी मोडून बघू देतो.

आमचा हिशेब मी इथे मांडते, कारण तो मी तेव्हा कुणाला दाखवला नव्हता. साडेतीनशे रुपयांची एक ऑर्डर धरा. त्यात शेतकऱ्याला दिलेले २१० रुपये. नारायणगाव ते पुणे वाहतुकीचा वाटा ३०. निवड आणि खराबा मिळून ४५. पिशव्या-खोकी १२. दारापर्यंत पोचवणाऱ्या मुलाचे ५०. ऑनलाइन पैसे घेण्याचा खर्च ७. बेरीज ३५४. शेडचं भाडं, वीज, ॲप, पगार हे सगळं अजून बाहेरच आहे. म्हणजे आडत्याला काढून टाकल्यावरही ते बावीस रुपये आमच्या हातात आलेच नाहीत. ते टेम्पोत गेले, कुजण्यात गेले, निवडणाऱ्या बायकांच्या मजुरीत गेले, जिने चढणाऱ्या पोराच्या पेट्रोलात गेले. ही कामं कुणी ना कुणी करत होतंच, आणि त्यांचे पैसे द्यावेच लागत होते. माणूस काढला तरी काम उरतं, ही गोष्ट पहिल्यांदा मला आकड्यांत दिसली.

पण माझं मत बदललं ते तोट्याने नाही. तोटा झाला की नवउद्योजक म्हणतो, अजून मोठं व्हायला हवं, ऑर्डरी वाढल्या की खर्च उतरेल. मीही तेच म्हणत होते. मत बदललं ते आमच्याच गावाशेजारच्या एका शेतकऱ्याच्या बोलण्याने.

त्यांच्या एका तोड्याला साधारण ८० क्रेट टोमॅटो निघायचा. क्रेट म्हणजे वीस किलो. त्यातले आम्ही घ्यायचो १२. ॲपवरच्या फोटोसारखा हवा म्हणून एकसारख्या आकाराचा, टणक, डाग नसलेला. आमच्या मुली बांधावर बसून ते बारा क्रेट निवडायच्या, आम्ही बाजारभावापेक्षा किलोमागे दोन रुपये जास्त द्यायचो, आणि पुण्यात जाऊन शेतकऱ्याला चांगला भाव दिला असं अभिमानाने लिहायचो. एका संध्याकाळी ते काका मला म्हणाले, "ताई, साय तुम्ही नेता. ताक घेऊन मी बाजारात गेलो की शेठ विचारतो, वरचा माल कुठं गेला?" उरलेल्या ६८ क्रेटचा ढीग बाजारात लागला की खरेदीदाराला तो निवडून उरलेला माल आहे हे पहिल्या नजरेत कळायचं. बोली खाली यायची. बारा क्रेटवर त्यांना किलोला दोन रुपये जास्त मिळत होते आणि अडुसष्ट क्रेटवर रुपया-दीड रुपया कमी. मी तिथेच मोबाइलवर गुणाकार केला. बारा क्रेट म्हणजे २४० किलो, त्यावर ४८० रुपयांचा फायदा. अडुसष्ट क्रेट म्हणजे १,३६० किलो, त्यावर किलोला रुपया जरी धरला तरी १,३६० रुपयांचं नुकसान. आमच्यामुळे त्या माणसाचे प्रत्येक तोड्याला आठ-नऊशे रुपये जात होते, आणि तरी ते आम्हाला माल देत होते, कारण मी आप्पांची मुलगी.

या एका गुणाकारानंतर मला आडत्याचं पहिलं काम कळलं. तो सगळा माल घेतो. मोठा-बारका, लाल-हिरवा, थोडा डागी, पावसात भिजलेला. भाव पाडेल, कुरकुर करेल, पण गाडी बाजारात लागली की रात्रीपर्यंत माल विकला जातो आणि रिकामे क्रेट परत येतात. दुसऱ्या दिवशी शेतकऱ्याच्या दारात न विकलेला टोमॅटो पडून राहत नाही. आमच्या ॲपमध्ये "आज नको" असं एक बटण होतं. शेतातल्या झाडाला ते दाबता येत नाही. टोमॅटोचा तोडा तीन-चार दिवसांनी करावाच लागतो, सोसायटीत सुट्टीमुळे लोक गावाला गेलेले असोत किंवा नसोत.

ब्रोकोलीचं सांगायलाच हवं. ॲपवर परदेशी भाज्यांवर चांगला नफा सुटतो असं दिसल्यावर आम्ही चार शेतकऱ्यांना ब्रोकोली, लाल कोबी, झुकिनी लावायला सांगितलं. तोंडी भाव ठरला. रोपवाटिकेत महिनाभर आणि शेतात दोन-अडीच महिने, असा या पिकाचा काळ. आम्ही ज्या दिवशी "लावा" म्हटलं त्या दिवशीचा आमचा विक्रीचा अंदाज आणि गड्डे काढायला आले त्या दिवशीची ऑर्डरींची यादी, यांचा एकमेकांशी काही संबंध उरला नव्हता. दरम्यान आमच्या सल्लागारांनी सुचवलं होतं की वेगवेगळ्या गोष्टी झटपट करून बघा, चालेल ती ठेवा, नाही चालली ती लगेच सोडा. लवकर चुका, स्वस्तात चुका. सॉफ्टवेअरच्या धंद्यात हा सल्ला चांगला आहे. रात्रीत एक पान बदलता येतं, सकाळी परत जसंच्या तसं करता येतं. आमचा प्रयोग मात्र दुसऱ्याच्या अर्ध्या एकरात लावलेला होता.

ब्रोकोलीचा गड्डा वेळेत काढला नाही की सुटा होतो, कळ्या पिवळ्या पडून फुलायला लागतात. टोमॅटो कसाही असला तरी नारायणगावला खपतो. ब्रोकोली आमच्याकडच्या आठवडी बाजारात कुणी विचारतही नव्हतं. चौघांपैकी एकाने शेवटी त्या पट्ट्यात धनगराच्या मेंढ्या बसवल्या. मी बांधावर उभी होते. मेंढ्या पानं आणि गड्डे सारख्याच आवडीने खात होत्या आणि शेतकरी मला समजावत होता की जाऊ द्या, तेवढंच खत होईल. आम्ही त्यांना ठरल्यातले निम्मे पैसे त्या महिन्यात दिले आणि निम्मे कंपनी बंद करताना. स्वस्तात चुका, हे त्या दिवसानंतर मी कुठल्याही मंचावर म्हणू शकले नाही. तो खर्च कुणाच्या तरी सातबाऱ्यावर पडलेला असतो.

कंपनी बंद करायचं ठरलं तेव्हा कळलं की काढण्यापेक्षा बंद करणं अवघड. याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही, म्हणून थोडं सांगते. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नुसती कुलूप लावून बंद होत नाही. धंदा थांबला तरी वार्षिक विवरणं भरावी लागतात, आणि ती उशिरा भरली तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये जादा शुल्क चढत राहतं. सलग तीन वर्षं विवरणं भरली नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. २०१७ मध्ये केंद्राने अशा निष्क्रिय कंपन्यांवर कारवाई केली तेव्हा दोन लाखांहून अधिक कंपन्या नोंदवहीतून काढल्या गेल्या आणि तीन लाखांहून अधिक संचालक अपात्र ठरले. आपण होऊन नाव काढून घ्यायचं तर २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम २४८ खाली अर्ज करायचा, त्याचं शुल्क १०,००० रुपये, आणि त्याआधी सगळी देणी फेडलेली असली पाहिजेत. हा शेवटचा भाग मला आवडला. कायद्याने आम्हाला एका टेबलाशी बसवून यादी करायला लावली: कुणाचे किती द्यायचे आहेत. शेतकरी पहिले, टेम्पोवाला, निवडणाऱ्या बायका, डिलिव्हरीची मुलं, शेडचा मालक, आणि सर्वांत शेवटी मामा. मामांचे पैसे मी अजून फेडते आहे. ते मागत नाहीत, म्हणून जास्त नियमाने फेडते.

त्यानंतरचा सीझन मी नारायणगावच्या बाजारात एका आडत्याच्या गाळ्यावर पट्ट्या लिहायला बसले. घरात कुणाला पटलं नाही. आईला वाटलं, मुलगी खचली. मला फक्त आतून बघायचं होतं की ज्या कागदाचा मी लहानपणापासून राग केला तो लिहिला कसा जातो.

दुपारनंतर गाड्या यायला लागतात. जुन्नर, आंबेगावच्या तर असतातच, पारनेर-संगमनेरकडूनही येतात. क्रेट उतरतात, खरेदीदार हात घालून खालचा माल वर काढून बघतात, कारण वर चांगला लावून खाली बारका भरलेला असतो कधी कधी, तेही खरं. बोली लागते. माल ट्रकमध्ये चढून रात्रीच गुजरातकडे, मध्य प्रदेशाकडे, दिल्लीकडे निघतो. मी ज्यांच्याकडे बसत होते ते काका शेतकऱ्याला संध्याकाळीच रोख मोजून द्यायचे. परराज्यातल्या खरेदीदाराकडून त्यांना पैसे यायचे आठ-दहा दिवसांनी, कधी पंधरा. मधले दिवस त्यांचं भांडवल अडकलेलं. एका खरेदीदाराने फोन उचलणं बंद केलं तेव्हा त्या मालाचे शेतकऱ्यांचे पैसे आधीच देऊन झाले होते. तो तोटा काकांच्या वहीत राहिला. आणि आमची कंपनी? आम्ही सात दिवसांनी पैसे द्यायचो, कारण खेळतं भांडवल वाचवा असं आम्हाला शिकवलं होतं. सात दिवस शेतकऱ्याचेच पैसे वापरून आम्ही शेतकऱ्याला मदत करत होतो.

उचलीची वही मी एकदा मागून घेऊन वाचली. बियाणं, मल्चिंगचा कागद, औषधं, मुलीचं लग्न, दवाखाना. बँक सातबारा, फेरफार, जामीनदार मागते आणि लागण करायची तारीख निघून जाते. इथे एका फोनवर पैसे मिळतात. त्याची किंमत असते, तोच माल त्याच गाळ्यावर आणावा लागतो, भाव कमी वाटला तरी. ही किंमत जास्त आहे असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

म्हणून सांगते, मी आडत्यांची वकिली करायला बसलेले नाही. वजनात सरसकट कडता कापणं, हातरुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवणं, ओळखीच्या खरेदीदाराला स्वस्तात माल जाऊ देणं, उचलीत अडकलेल्या माणसाला दुसऱ्या गाळ्यावर जाऊ न देणं, हे प्रकार आहेत आणि त्यांवर कायदा, उघडा लिलाव, वजनकाटा यांनीच बंदोबस्त केला पाहिजे. माझं मत बदललं ते एवढ्याच बाबतीत: मधला माणूस काहीच करत नाही आणि फुकट खातो, हे मी आता मानत नाही. तो चार कामं करतो. सगळा माल घेतो, लगेच पैसे देतो, बुडीत अंगावर घेतो आणि सीझनच्या आधी भांडवल पुरवतो. ज्याला त्याची जागा घ्यायची आहे त्याने ही चारही कामं त्याच्यापेक्षा बरी करून दाखवावीत. आमच्या कंपनीने यातलं एकही केलं नव्हतं. आम्ही फक्त वरचे बारा क्रेट विकत होतो.

ही कामं मधल्या माणसावाचून होऊ शकतात, याचे दाखले महाराष्ट्रात डोळ्यांसमोर आहेत. गावची दूध डेअरी बघा. सकाळ-संध्याकाळ, रविवार असो की लक्ष्मीपूजन, दूध घेतलं जातं. पावसाळ्यानंतर दूध वाढतं तेव्हा उरलेल्याची पावडर आणि लोणी होतं. भावावरून भांडणं चालतात, पण गवळ्याला कुणी "आज नको" म्हणत नाही. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स बघा. विलास शिंदे आणि त्यांच्याबरोबरच्या द्राक्ष बागायतदारांनी निर्यातीपासून सुरुवात केली, पुढे शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी उभी केली. २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या संजीवकाचा अंश सापडला आणि राज्यातल्या निर्यातदारांचे कंटेनरच्या कंटेनर अडकले. तो घाव सोसून माणसं टिकली. तिथे ताज्या विक्रीला न चालणाऱ्या टोमॅटोवर प्रक्रिया होते. म्हणजे ताकाचीही सोय केलेली आहे. अशी सोय करायला प्रक्रियेची यंत्रं, शीतगृह आणि मुख्य म्हणजे आपल्या मालाचे मालक असलेले शेतकरी सभासद लागतात. ॲप त्यानंतर येतं.

आता मी आमच्या भागातल्याच एका शेतकरी उत्पादक कंपनीत पॅकहाउस सांभाळते. स्वतःबद्दल एक गोष्ट मला इथे येऊन कळली. कंपनी चालवताना मी सगळ्यांत उत्साहाने जे करायचे असं मला वाटत होतं, म्हणजे सादरीकरणं, मुलाखती, गुंतवणूकदारांच्या भेटी, त्यांतून घरी आल्यावर मला कधी बरं वाटलं नव्हतं. बरं वाटायचं ते पहाटे निवडीच्या टेबलाशी. टोमॅटो हातात घेऊन देठाजवळ अंगठा फिरवला की तो अहमदाबादपर्यंत टिकेल की पुण्यातच संपवायला हवा, हे मला कळतं. हे मी आईकडून शिकले आणि त्याला मी कौशल्य समजत नव्हते, कारण ते आमच्या घरातल्या सगळ्याच बायकांना येतं. संस्थापक व्हायची हौस उतरली तेव्हा लक्षात आलं की मला माल आवडतो, मालाभोवतीची माणसं आवडतात, हिशेबाची वही आवडते. यात मोठेपणा नाही, पण सकाळी उठून कामाला जावंसं वाटतं. माझ्या मित्राचं उलट झालं. त्याला माल कधीच आवडला नव्हता, त्याला यंत्रणा बांधायला आवडायचं. तो आता पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि तिथे तो शोभतो. आम्ही दोघं अजून बोलतो. आमच्या पॅकहाउसचा साठ्याचा हिशेब ठेवायचा प्रोग्रॅम त्याने लिहून दिला.

जुलै २०२३ मध्ये नारायणगावला वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांहून जास्त भाव मिळाला. वर्तमानपत्रांत टोमॅटोने करोडपती झालेल्या शेतकऱ्यांचे फोटो आले. सप्टेंबर उजाडेपर्यंत तोच माल शंभरच्या आसपास घसरला आणि लोकांनी तो रस्त्याच्या कडेला ओतला. त्या तीन महिन्यांत आमच्या सभासदांनी दोन्ही बघितलं. भाव चढला तेव्हा निम्म्या लोकांनी माल आमच्याकडे न आणता थेट बाजारात नेला, आणि त्याबद्दल मी त्यांना एका शब्दाने बोलले नाही. भाव पडला तेव्हा सगळे परत आले. मिळेल तो प्रक्रियेचा भाव घेऊन आम्ही जमेल तेवढा माल उचलला, सगळा उचलता आला नाही. कंपनीच्या सभेत त्यावर दोन तास भांडण झालं आणि शेवटी असं ठरलं की पुढच्या हंगामापासून जो सभासद चढत्या भावात निदान एक तृतीयांश माल आणेल, त्याचा पडत्या भावात सगळा माल घ्यायचा. हा नियम कुठल्या सल्लागाराने सुचवला नाही. टोपी काढून मांडीवर ठेवून बसलेल्या एका म्हाताऱ्या सभासदाने सुचवला. मला तो ऐकताना माझ्या आजोबांची आठवण झाली आणि वाटलं, हा ठराव त्यांनी उचलून धरला असता.

शेतीमालाच्या धंद्यात उतरू पाहणाऱ्या मुलामुलींना माझी एक विनंती आहे. कंपनी नोंदवण्याआधी एक अख्खा सीझन बाजारात काढा. कुठल्याही गाळ्यावर पट्ट्या लिहायला माणूस हवाच असतो, मे ते ऑगस्ट तर नक्कीच. मग तुमच्या योजनेच्या पहिल्या पानावर, नफ्याच्या आकड्याच्या वर, दोन ओळी लिहा: न विकलेला माल कोणाचा, आणि शेतकऱ्याला पैसे किती वाजता. उत्तर लेखी द्या आणि त्याखाली सही करा. शेतकऱ्याला ते वाचून दाखवा. त्याला पटलं तर लागण करायला सांगा, आणि नाही पटलं तर त्याच्या शेतात प्रयोग करू नका.